गुंडाप्पाच्या हातचे बैल

आमच्या भागात गोऱ्हा बडवायचा झाला तर आधी बडवणाऱ्याचं घर बघायचं. ज्याच्या अंगणात चार-दोन लेकरं लोळत्यात, ज्याच्या बायकोनं पाळणा सोडून आढ्याला टांगलाय, असल्या उतारवयाच्या गड्यालाच ते काम सांगायचं. जनावराचा वंश ठेचणाऱ्याचा वंश तिथंच ठेचला जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोथीत कुठं लिहिलेलं नव्हतं. पण वारं कुठल्या अंगानं येणार हेही पोथीत नसतं, तरी खळ्यावर उपणणारा पाटी कुठं धरायची ते चुकत नाही.

आणि बडवल्याबिगर भागतही नाही. न बडवलेला गोऱ्हा औताला धरा, तास सोडून गायीच्या वासावर पळंल, आडवा आला त्याला शिंगावर घेईल. म्हणून दोन दाती झाला की थंडीच्या दिवसांत, माशा कमी असताना, त्याला पाडायचं. चारी पाय बांधायचे. अंडावरच्या शिरा बाभळीच्या दोन दांड्यांत धरायच्या आणि लाकडी मोगरीनं ठोकत जायचं. कातडं फुटता कामा नये, शीर राहता कामा नये. कातडं फुटलं तर किडे पडून जनावर जातं. शीर राहिली तर ना बैल ना वळू असलं एक बेणं तयार होतं, आणि ते धन्याच्या उरावर दहा वर्षं नाचतं.

कोंडवाडीत हे काम धोंडप्पा धनगर करायचा. सात लेकरांचा बाप. त्यातली पाच मातीत गेली, एक लेक परंड्याकडं नांदत होती आणि धाकटा गुंडाप्पा घरी मेंढरामागं. जगली किती हे कुणी विचारत नव्हतं. सात झाली होती, तेवढं बस होतं.

निजाम जाऊन तीन वर्षं झाली असतील. शिवलिंगप्पाच्या खळ्यावर गोऱ्हा पाडला होता. शिवलिंगप्पा गुंडाप्पाच्याच वयाचा, बांधाला बांध असलेला सोबती. धोंडप्पाला त्या साली लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता, पण म्हाताऱ्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. पहिला ठोका बरोबर बसला. दुसरा दांडीवर. तिसरा भलतीकडंच. गोऱ्ह्यानं असा हंबरडा फोडला, की खळ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून पांगल्या.

गुंडाप्पा मागचे पाय धरून बसला होता. बावीस वर्षांचा गडी. लग्न पोलीस ॲक्शनच्या वर्षातलं, घरात अजून पाळणा नाही. तो उठला आणि बापाच्या हातातली मोगरी काढून घ्यायला लागला.

"ठिव ती खाली," म्हातारा म्हणाला. "तुजं घर अजून रिकामं हाय."

"जनावर मरायलंय, बा."

"मरू दे. एक गोऱ्हा मेला तर दुसरा इकत घेता येतो."

गुंडाप्पानं ऐकलं नाही. त्यानं बोटानं शिरा चाचपल्या, दांड्या नीट धरायला लावल्या आणि ठोकत गेला. जोर नाही, घाई नाही. बाई ताटात ज्वारी निवडती तसं. दावी सोडल्यावर गोऱ्हा उठला, एक पाय आखडून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं त्यानं पुढ्यातला कडबा ओढला.

शिवलिंगप्पा म्हणाला, "गुंड्या, तुज्या हाताला डोळे हायती का रं?"

झालं. त्या एका वाक्यावर गुंडाप्पा गेला. कोण दारूवर जातं, कोण बाईवर जातं. हा आपल्या हातावर गेला.

पुढच्या हंगामापासून तेरकडनं, ढोकीकडनं माणसं यायला लागली. दिवाळी सरली की संक्रांतीपर्यंत गुंडाप्पाला मेंढरामागं जायला सवड नसायची; मेंढरं सिताबाई वळायची. सिताबाई म्हणजे त्याची बायको. उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला फटकळ. गुंडाप्पा संध्याकाळी आला की ती तांब्या लांबूनच ठेवायची. "आधी हात धुवा. आन् दोनदा धुवा." तो हसायचा. तेव्हा हसण्यावारी जायचं.

त्याचं खरं सुख पोळ्याला. गावचे बैल वेशीतनं वाजतगाजत निघायचे तेव्हा तो पारावर मांडी घालून बसायचा. शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, कुणाच्या शिंगांना बेगड. बाकीचे झुली बघायचे, हा चाल बघायचा. "त्यो माजा. त्यो जोडीतला उजवा माजा, डावा बाजारचा. बघ, डाव्याची मान कशी ताठ हाय, कुणीतरी घाईत ठोकलंय." कुणी म्हणायचं, "गुंडाप्पा, लोक पोरं मोजत्यात, तू बैल मोजायलास." तो म्हणायचा, "पोरगं बापाचं नाव बुडवतं. बैल बुडवत न्हाय." पारावरची माणसं हसायची, आणि एखादा म्हातारा न हसता पान लावत राहायचा.

लग्नाला सात वर्षं होत आली तेव्हा सिताबाईला दिवस गेले. गुंडाप्पाची आई म्हाळसाबाई हिनं घरात कुणाला पाटीखाली कोंबडीसुद्धा झाकू दिली नाही; कोंडलेल्या जिवाचा तळतळाट लागतो म्हणं. पण लेकाला काय कोंडणार ती. हंगाम ऐन भरात होता. एका दिवशी त्यानं वरच्या अंगाच्या वाडीत नऊ गोऱ्हे केले. घरी आला तर दारात शरणम्मा सुईण हात पुसत बसलेली.

"पाचवा लागला व्हता," ती म्हणाली. "पोरगा व्हता."

सिताबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हाळसाबाईनं लेकाच्या खांद्यावरची मोगरी आणि दांड्या काढून त्याच्या पुढ्यात टाकल्या आणि चुलीकडं बोट केलं.

आडावर तर बायांना तोंडच फुटलं. "गुंडाप्पाच्या घरात मोगरी निजती. लेकरू कुठं निजंल?" हे वाक्य सिताबाईच्या कानावर आलं, ते तिनं जसंच्या तसं घरी आणलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमी हे सोडा," ती म्हणाली. "म्या तुमाला कदी काय मागितलं न्हाय. लुगडं मागितलं न्हाय, डाग मागितला न्हाय. एवढं सोडा."

"सोडलं तर व्हईल?"

"न सोडता झालं न्हाय, एवढं तर दिसलं."

त्यानं मोगरी चुलीत घातली. जुनं बाभळीचं लाकूड, निखारा चांगला पडला. त्या दिवशीच्या भाकरी नेहमीपेक्षा बऱ्या झाल्या, असं म्हाळसाबाई पुढं कितीतरी दिवस सांगायची.

मग चार वर्षं गेली. जिल्हा मुंबई राज्यात गेला, हैदराबादचं नाव कागदावरनं पुसलं, आणि गुंडाप्पा मेंढरामागं हिंडला. मेंढा ठेचायचा झाला तरी दुसऱ्या वाडीचा माणूस बोलवायचा. पोळ्याला तो पारावर येईना. मेंढरं घेऊन लांब माळावर जायचा. लोक आधी समजुतीनं घेत होते. पण चार वर्षांत त्या पंचक्रोशीत बडवणारा धड उरला नाही. धोंडप्पा वारला. पल्याडच्या वाडीचा एक जण यायचा, बाराजणांचा बाप, वंशाला काही धोका नव्हता त्याच्या. पण हात असा की ढेकळं फोडतोय.

आणि सिताबाईला दिवस काही राहीनात. एक वर्ष, दोन, तीन. म्हाळसाबाई म्हणायची, जुनं पाप उतरायला टाईम लागतो. गुंडाप्पा ऐकून घ्यायचा. रात्री अंथरुणावर पडला की त्याची बोटं आपोआप वाकळीची शिवण चाचपत राहायची, शिरा चाचपल्यागत. सिताबाई त्याचा हात धरून बाजूला ठेवायची.

चौथ्या वर्षी राहिलं. सिताबाईनं तीन महिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. सहावा लागला आणि पोट दिसायला लागलं तेव्हा घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललं.

त्याच महिन्यात शिवलिंगप्पा आला. त्यानं उदगीरकडच्या बाजारातनं देवणीचा एक गोऱ्हा आणला होता. काळं-पांढरं अंग, रुंद छाती, लोंबते कान. जोडीतला एक बैल पावसाळ्यात मेला होता, तर हा त्या जागेवर. शिवलिंगप्पा ओट्यावर न बसता उभाच राहिला.

"गुंड्या, म्या मागायला नको ते मागायला आलोय."

"मंग मागू नगंस."

"एकच. मोगरी म्या आणतो. कुणाला कळणार न्हाय. माज्या मळ्यात करू, आत, खोपीच्या मागं."

"ज्याला कळायचं त्याला कळतंच की."

"ते असलं काय नसतंय बाबा. आमच्या सोयऱ्यात एक जण..."

"नसतंय तर तू कर की. तुजी तर चार हायती."

शिवलिंगप्पा म्हणाला, "मला तुज्यावाणी येत असतं तर तुज्या दारात आलो असतो का?"

आत सिताबाई जात्यापाशी होती. जातं थांबलं होतं. गुंडाप्पाला ते कळत होतं. शिवलिंगप्पालाही. गोऱ्ह्याचं वर्णन त्यानं पुन्हा एकदा केलं, छातीचं, खुरांचं. पोरीचं स्थळ सांगावं तसं. गुंडाप्पानं मान हलवली नाही की उचलली नाही. शेवटी म्हणाला, "त्या बाराजणांच्या बापाला सांग, पहिल्या ठोक्याला जोर लावू नगं म्हणावं. वरची शीर आधी धर म्हणावं."

"निरोपावर गोऱ्हे बडवत न्हायती, गुंड्या," असं म्हणून शिवलिंगप्पा गेला.

कातडं फुटलं. नवव्या दिवशी गोऱ्हा मेला. गुंडाप्पा बघायला गेला नाही. पण वास दोन बांध ओलांडून आला. शिवलिंगप्पा त्याच्याशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, काही नाही. वाटेत गाठ पडली की तो आभाळाकडं बघायचा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, सातव्यातच, सिताबाई बाळंत झाली. मुलगी. हातभर, कातडी तांबडी, नखंसुद्धा नीट आली नव्हती. शरणम्मानं कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली. एक दिवस आणि एक रात्र जगली. तिचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं. घरात असलेल्याला ऐकू यायचं, दारातल्याला नाही. गुंडाप्पा सगळा वेळ घरातच बसून होता. मेंढरं जाळ्याच्या वाघरीत कोंडलेली, उपाशी ओरडत होती.

पुरून आल्यावर म्हाळसाबाई म्हणाली, "आधीचेच लई झाले असतील. शेकड्यानं केलंस. चार वरसांत कुठं फिटतंय."

सिताबाई अंगावरच्या वाकळीतनं म्हणाली, "व्हय. तसंच असंल."

गुंडाप्पाच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. आधीच्याचंच जर भोगायचं असंल, तर सोडून काय उपयोग? हे असंच राहणार. सिताबाई असंच वाढवणार आणि असंच पुरणार. हे त्यानं मोठ्यानं म्हटलं नाही. तिचा सव्वा महिना झाला, ती पाण्याला जायला लागली, त्या दिवशी त्यानं आपलं घोंगडं उचललं आणि मेंढरांपाशी नेऊन टाकलं.

"हे काय?" सिताबाईनं विचारलं.

"आता नगं."

"काय नगं?"

"लेकरू नगं. तू तिसरं पुरायचं नगं."

ती उंबऱ्यातनं आत गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर गुंडाप्पा कदाचित परत आला असता. पण ती फटकळ बाई त्या दिवसापासून मोजकंच बोलायला लागली, आणि मोजकं बोलणाऱ्या बाईला आमच्याकडं शहाणी म्हणतात.

महिन्याभरानं त्यानं नवी मोगरी कातून आणली.

आता खरं काय ते कोण सांगणार. बायकोच्या कळवळ्यानं त्यानं घोंगडं उचललं हे खरं. पण मोगरी हातात घेतल्यावर, पहिला गोऱ्हा उठून कडब्याला तोंड लावल्यावर, त्याचं अंग जे हलकं झालं, तेही खरंच. कळवळा आधी की मोगरी आधी, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही. म्हाळसाबाईनं दुसरी बायको करायचा घोषा लावला तेव्हा म्हणाला, "दुसरी आणली तरी हात हेच की, आये." म्हातारी दोन वर्षं हाच विषय चघळत मेली.

पुढची आठ वर्षं गुंडाप्पाची. महाराष्ट्र झाला, पंचायत समिती आली, आणि परंड्यापासून तेरपर्यंत गुंडाप्पाचं नाव झालं. आता त्याला कुणी टोमणाही मारीना; ज्याचं जायचं ते गेलेलं, त्याच्या हाताला आता कसली आडकाठी? उलट लोक म्हणायचे, बरं झालं, मोकळा आहे. पोळ्याला तो पुन्हा पारावर बसायला लागला. वेशीतनं निघणाऱ्या दर दहा बैलांतले सात त्याचे. शिवलिंगप्पाही एकदा त्याच्याकडं न बघता आपला गोऱ्हा दारात बांधून गेला. गुंडाप्पानं तो केला, असा केला की तसा पुन्हा कधी झाला नाही.

सिताबाई मेंढरं वळायची, दूध काढायची, भाकरी बांधून द्यायची. त्याचं घोंगडं वाघरीपाशी, तिचं अंथरूण घरात. त्याला वाटायचं, तिलाही सवय झाली.

मग जनावरांचा डॉक्टर आला. तालुक्याला दवाखाना कधीचाच निघाला होता, पण आता त्यांनी गावोगाव शिबिरं लावली. शाळेच्या पटांगणात खांब रोवले, दावी बांधली. डॉक्टरकडं लोखंडाचा एक लांब चिमटा होता. शीर चिमट्यात धरायची, दोन्ही दांडे दाबायचे, कट्ट आवाज, झालं. रक्त नाही, ठोकणं नाही, तूप-हळद नाही. आणि फुकट. लोक पहिल्या शिबिराला बघायला गेले, दुसऱ्याला गोऱ्हे घेऊन गेले. त्या साली दिवाळीनंतर गुंडाप्पाकडं चार गोऱ्हे आले. पुढच्या साली एकही नाही.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं गुंडाप्पाला बोलावून घेतलं. म्हणाला, "तुमच्यासारखं जनावर पाडणारा माझ्याकडं कुणी नाही. शिबिराला येत जा." तेव्हापासून गुंडाप्पा दावी धरायला जायला लागला. गोऱ्हा पाडायचा, पाय बांधायचे, मान गुडघ्याखाली दाबून बसायचं. चिमट्याचा कट्ट आवाज त्याला ऐकू यायचा. दिसायचं नाही, कारण त्याचं तोंड जनावराच्या तोंडाकडं.

शिबिर कोंडवाडीत आलं तेव्हाची गोष्ट. दुपारी सिताबाई भाकरी घेऊन पटांगणात आली. डॉक्टर लिंबाखाली खुर्चीवर बसून नोंदी करत होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. गुंडाप्पाला वाटलं, बसायला जागा विचारती असंल.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी हे कवापास्नं करायलाव?"

"हे? दहा-अकरा वर्षं झाली. का हो बाई?"

"किती केलं असतील?"

डॉक्टर हसला. "काय सांगणार. दोन-तीन हजार झाले असतील."

"आन् लेकरं हायती तुमाला?"

"चार आहेत. धाकटी आता सहा महिन्यांची."

"सगळी जित्ती?"

डॉक्टरनं कागदावरनं मान वर केली. "सगळी," तो म्हणाला.

"बरं," सिताबाई म्हणाली. तिनं भाकरीचं फडकं गुंडाप्पाजवळ ठेवलं आणि ती निघून गेली. गुंडाप्पा एका गोऱ्ह्याच्या मानेवर गुडघा टेकून बसला होता. गोऱ्हा सुटायला बघत होता, आणि त्याला पहिल्यांदाच कुणीतरी ओरडून सांगावं लागलं, की धर म्हणून.

दिवस कलता तो घरी आला. सिताबाई वाघरीच्या तोंडाशी बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. तो शेजारी बसला. मेंढीचा पाय त्यानं धरला, तिनं काटा काढला.

"ऐकलंव?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"मंग आपलं कशानं गेलं?"

उत्तराची वाट न बघता तीच पुढं बोलली.

"आपलं जर त्यानं गेलं न्हाय, तर ती चार वरसं तुमी उगं हात बांधून बसलाव. त्यो शिवलिंगप्पाचा गोऱ्हा उगंच मेला. आन् ही धा वरसं म्या..." तिनं मेंढीचा पाय सोडला. "एक गेलं, दोन गेली. तिसरं ऱ्हायलंबी असतं. शरणम्माचीच तीन गेली, मग पाच जगली. तुमी ठरवलंव. मला इचारलं न्हाय."

"तुजा जीव..."

"माजा जीव माजा व्हता."

मेंढरं एकमेकांच्या अंगाला अंग घासत होती. गुंडाप्पाला वाटलं, काहीतरी बोलावं. तो म्हणाला, "अजून काय वय झालंय आपलं. घोंगडं म्या आत..."

सिताबाईनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. मेलेल्या कोकराकडं बघतात तसं, उचलून बाजूला ठेवायच्या आधी.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली, "मला कावळा शिवल्याला न्हाय."

बाई महिन्याची बाजूला बसते, चार दिवस चुलीला शिवत नाही. नवऱ्याला सांगावं लागत नाही, दिसतंच. दोन वर्षं ती बाजूला बसली नव्हती. दोन वर्षं भाकर रोज तिच्याच हातची येत होती. आणि गुंडाप्पाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं, कारण त्याची भाकर वाघरीपाशी यायची आणि त्याचं ध्यान दुसऱ्यांच्या गोऱ्ह्यांत असायचं.

"एवढ्या लवकर?" तो म्हणाला.

"माज्या मावशीचंबी असंच गेलं." ती उठली. "भाकर झाकून ठिवली हाय. खाऊन घ्या."

दुसऱ्या दिवशी शिबिराचा शेवटचा दिवस. गुंडाप्पा गेला नसता तर चाललं असतं, पण घरी बसून काय करणार. डॉक्टर खुर्चीवर कागदात होता. कंपाउंडर चिमटा पुसत होता. भीमाशंकर त्याचं नाव, तुळजापूरच्या पुजाऱ्यांतला, शिकलेला, अंगात पांढरा शर्ट. आदल्या दिवशी लोक वंशाबिंशाचं बोलत होते तेव्हा हाच सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

एक गोऱ्हा पाडून बांधला, तसा भीमाशंकर गुंडाप्पाच्या जवळ उकिडवा बसला आणि डॉक्टरकडं पाठ करून हळूच म्हणाला, "आप्पा, एक विचारू? रागावू नका."

"इचार."

"लोक म्हणतात ते खरं असतं का हो? माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली."

गुंडाप्पानं त्याच्याकडं बघितलं. "कालच तर तुज्या सायबानं सांगितलं. तीन हजार केलेत, चार लेकरं हायती."

भीमाशंकर ओशाळा हसला. "साहेब कुठं करतात, आप्पा? त्यांच्या नावावर लागतात. आधी माझ्या जागेवर एक म्हातारा होता, तो करायचा. आता मी. साहेबांनी चिमटा दोन-चार वेळा धरला असेल, लोकांना दाखवायला."

गोऱ्ह्याची मान गुंडाप्पाच्या गुडघ्याखाली होती. शीर धडधडत होती. म्हणजे सिताबाईनं काल जे विचारलं, त्याचं उत्तर उत्तरच नव्हतं. डॉक्टरची चार लेकरं कशाचाच पुरावा नाही. आता घरी जाऊन सांगता येईल, की बाई, त्यो दाबतच न्हाय. मग आपली दोन्ही लेकरं ह्या हातानंच गेली, चार वर्षं हात बांधून बसणं खरं ठरलं, वाघरीतलं घोंगडं खरं ठरलं. सगळं परत होतं तसं लागेल. आणि त्याच्या मधोमध तो एकटा. दोन लेकरांचा मारेकरी. किंवा मग सांगायचं नाही. मग कुणी मारलंच नाही, आणि सगळं आयुष्य फुकट गेलं. दोन्हींतलं एक घ्यायचं होतं, आणि एकही घेण्यासारखं नव्हतं.

"आप्पा?" भीमाशंकर म्हणाला. चिमटा त्याच्या हातात उघडा होता. "मी बदली मागून घेऊ का? कोंबड्यांच्या खात्यात जागा आहे एक."

तिकडनं डॉक्टरनं हाक मारली, काय झालं म्हणून.

"काय व्हत न्हाय," गुंडाप्पा म्हणाला.

"नक्की?"

"मला इचारायलास ना? काय व्हत न्हाय. माजं जे गेलं ते कशानंबी गेलं न्हाय. उगंच गेलं. दाब."

भीमाशंकरनं दाबलं. कट्ट आवाज झाला. गोऱ्ह्यानं डोळे पांढरे केले, एक हुंकार दिला आणि पडून राहिला. गुंडाप्पानं दावी सोडली. दुसरा आणा म्हणाला.

संध्याकाळी सिताबाईनं तांब्या पुढं ठेवला. आता ती लांबून ठेवत नव्हती.

"त्यो डॉक्टर गेला?"

"गेला."

"काय म्हणला?"

"काय न्हाय," गुंडाप्पा म्हणाला, आणि चूळ भरली.